कॅराव्हॅन ओढण्यासाठी इनोव्हा तयार करून देणारं कुर्ल्याचं गॅरेज

आमच्या ८१ वर्षांच्या आईला देवरुखला न्यायचं म्हणजे वाटेत स्वच्छ संडास हवा. कमोड हवा, धरायला दांडी हवी आणि तिने सांगितलं की पाच मिनिटांत थांबता यायला हवं. मुंबई-गोवा महामार्गावर हे सगळं हव्या त्या जागी मिळत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या भावाने मिळून एक छोटी, एका अॅक्सलची कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घेतली. ओढायला आमची इनोव्हा क्रिस्टा. आई गाडीतच बसते, कारण चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणूस बसवायचा नसतो. थांबलो की मात्र तिचं घर तिच्या मागे हजर. पार्ल्यात आमच्या इमारतीत कॅराव्हॅन मावणं शक्यच नव्हतं, त्यामुळे एरवी पनवेलला मामेभावाच्या प्लॉटवर उभी असते.

गेल्या डिसेंबरमध्ये कोलाड सोडून इंदापूरकडे जात होतो. रस्ता मोकळा, किंचित उतार, वेग ८०. उजवीकडून एक खाजगी बस जोरात पुढे गेली आणि आमची कॅराव्हॅन आधी तिच्याकडे ओढली गेली, मग उलट दिशेला. दोन-तीन हेलकाव्यांत ती गाडीची शेपटी हलवायला लागली. मी घाबरून ब्रेक दाबला, तर हेलकावे आणखी वाढले. पाय उचलला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं तेव्हा कुठे ती हळूहळू शांत झाली. आई मागच्या सीटवर जप करत होती. पुढे माणगावला चहा प्यायला थांबलो तेव्हा माझे हात थरथरत होते, कप धरवत नव्हता.

मुंबईत आल्यावर दोन गॅरेजवाल्यांना विचारलं. दोघांचंही उत्तर एकच: मागे दणकट स्प्रिंग टाका. एकाने तर कॅराव्हॅन बघायचीही तसदी घेतली नाही. मग भावाच्या ओळखीतून कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीतल्या या गॅरेजचा पत्ता मिळाला. चालवणारे चाचा मूळचे राजापूरकडचे, बोलणं अस्सल कोकणी वळणाचं. पस्तीसेक वर्षं फक्त सस्पेन्शनचं काम करतात. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "ताई, पाण्याची टाकी कुठाय?"

मागच्या बेडखाली. ८० लिटरची, आणि त्या दिवशी काठोकाठ भरलेली.

"म्हणजे तुमची गाडी उलाळ आहे," चाचा म्हणाले.

हा शब्द मी लहानपणी गावी ऐकला होता. बैलगाडीत भार मागे जास्त झाला की जू वर उचलतं, बैलांच्या मानेवर वजनच राहत नाही, ती उलाळ गाडी. घरी येऊन आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "मग तुम्ही पोत्यांसारखं सगळं मागे का भरलंत? गाडीवान आधी धुरेवर बसून बघायचा." तिला जे दोन वाक्यांत कळलं, ते समजून घ्यायला मला कोलाडचा तो उतार लागला.

चाचांनी स्प्रिंगचं नावही काढू दिलं नाही. आधी वजन करून आणा, म्हणाले. त्यांच्या गल्लीत कॅराव्हॅन शिरत नाही, त्यामुळे एका रविवारी सकाळी वडाळ्याला ट्रक टर्मिनलच्या बाजूला भेटलो. जशी प्रवासाला निघते तशीच भरलेली कॅराव्हॅन आधी एकटी वजनकाट्यावर चढवली: ८६० किलो. मग गाडीला जोडून फक्त कॅराव्हॅनची चाकं काट्यावर ठेवली: ८३०. दोन्हींमधला फरक, म्हणजे ३० किलो, तेवढाच भार हिचच्या, म्हणजे गाडीच्या मागे कॅराव्हॅन अडकवायच्या जोडाच्या, बॉलवर होता. वजनकाट्याची पावती दहा-दहा किलोंच्या टप्प्याने येते, म्हणून चाचांनी सोबत आणलेला बाथरूममधला साधा काटा लाकडाच्या ठोकळ्यासह कॅराव्हॅनच्या तोंडाखाली ठेवला. भरले २७.

८६० किलोंच्या कॅराव्हॅनला २७ म्हणजे जेमतेम तीन टक्के. युरोपात साधारण पाच ते सात टक्के भार पुढे ठेवायला सांगतात, अमेरिकेत दहा ते पंधरा. चाचांना हे आकडे तोंडपाठ होते, पण त्यांनी सर्वांत आधी हिचवर ठोकलेली पट्टी वाचायला लावली. हिच किती भार सोसतो ते तिच्यावर लिहिलेलं असतं. आमच्या हिचवर १०० किलो होतं. दोन वर्षं मी तिच्यावरची धूळ पुसत होते, वाचली कधीच नव्हती.

मग तासभर आम्ही कॅराव्हॅन उलटीपालटी केली. टाकीत फक्त २० लिटर पाणी ठेवलं, बाकीचं मुक्कामाला पोचल्यावर भरायचं. बॅटरी आणि स्टेपनी मागून काढून अॅक्सलच्या जरा पुढे, जमिनीलगत आणली. मला वाटलं होतं सगळं अगदी पुढच्या टोकाला न्यावं. चाचांनी थांबवलं आणि कावडीचं उदाहरण दिलं. दोन्ही टोकांना वजन असलेली कावड एकदा झुलायला लागली की थांबवायला कठीण, तेच वजन खांद्याजवळ असेल तर आवरते. म्हणून जड ते मधे आणि खाली, हलकं ते टोकांना आणि वर. शेवटी कॅराव्हॅन ८०० किलोंवर आली आणि तोंडाखालचा काटा ७४ दाखवू लागला.

इथपर्यंत खर्च फक्त वजनकाट्याचा. चाचांनी त्या सकाळचे पैसे घेतले नाहीत.

आता नवीन प्रश्न आला, आणि मला वाटतं इथे या माणसाची खरी समज दिसते. हिचवरचे ७४ किलो इनोव्हाच्या मागच्या चाकांवर ७४ राहत नाहीत. बॉल मागच्या चाकांच्याही साधारण सव्वा मीटर मागे असतो, आणि गाडीचा व्हीलबेस पावणेतीन मीटर. तरफेचा हिशेब केला तर मागच्या अॅक्सलवर सुमारे १०८ किलो पडतात आणि वरचे ३४ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. त्यात मागे आई, भावजय, सामान. गाडी मागून बसते, स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजली: रिकामी गाडी साडेएक्क्याऐंशी सेंटिमीटर, सगळं भरून जोडल्यावर ७६.

त्यावर उपाय म्हणून मागच्या कॉइल स्प्रिंगच्या आत हवेच्या पिशव्या बसवल्या. रबरासारख्या चिवट नळकांड्या असतात, टायरसारखाच वॉल्व्ह, पंपावर हवा भरता येते. चाचांनी दोन्ही बाजूंना वेगळे वॉल्व्ह दिले. एकाच नळीने जोडल्या तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी आणखी कलते. कॅराव्हॅन जोडली की १८ पीएसआय, एरवी ५. त्याखाली जाऊ द्यायचं नाही, नाहीतर पिशवीला घडी पडून ती चिरते. भरल्यावर उंची साडेएकोणऐंशीपर्यंत आली. रिकाम्या गाडीइतकी वर उचलायला त्यांनी नकार दिला, आणि ते बरोबरच होतं. कॅराव्हॅन जमिनीला समांतर किंवा नाकाशी अगदी किंचित खाली हवी, वर नको.

मागचे शॉकअप ९२ हजार किलोमीटर चाललेले, एकातून तेल गळत होतं. ते बदलले. कॅराव्हॅनच्या टायरवरचा चार आकडी शिक्का त्यांनी मला वाचायला शिकवला: ३११८, म्हणजे २०१८ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, पण कडेला बारीक तडे. उभ्या राहणाऱ्या कॅराव्हॅनचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. तेही बदलले. कॅराव्हॅनचा ब्रेक उतारावर ती गाडीला ढकलायला लागली की आपोआप लागणारा आहे. त्याची एका बाजूची केबल सैल होती, ती ताणली.

सर्वांत शेवटी कॅराव्हॅनच्या तोंडाला बसणारा घर्षणाचा हिच. याच्या आत पॅड असतात, ते बॉलला दोन्ही बाजूंनी आवळून धरतात आणि लहान हेलकावा सुरू होतानाच मारतात. बॉल कोरडा आणि स्वच्छ लागतो. मी आतापर्यंत भक्तिभावाने ग्रीस लावत आले होते; ते सगळं थिनरने पुसावं लागलं. चाचांनी स्पष्ट सांगितलं, "ह्यो नीट भरलेल्या गाडीसाठी. उलाळ गाडीला ह्येचा उपयोग नाय."

हिशेब असा: पिशव्या बसवणुकीसकट १७,५००, घर्षणाचा हिच ३२,०००, शॉकअप आणि टायरचे वेगळे. स्वस्त नाही. पैसे कमी असतील तर मी आधी टायर आणि शॉकअप करेन, मग पिशव्या, हिच सर्वांत शेवटी.

पहिली चाचणी सायन-पनवेल महामार्गावर घेतली, चाचा शेजारी बसून. वाशीच्या खाडीपुलावर आडवा वारा होता. पूर्वी तिथे स्टिअरिंग सारखं सावरावं लागायचं. या वेळी पुढची चाकं रस्ता धरून आहेत हे हातांना जाणवत होतं. कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत जाऊन आलो. त्यांनी मला पाठ करून घेतलं: हेलकावा आला तर अॅक्सिलरेटरवरून पाय काढ, स्टिअरिंग सरळ धर, ब्रेक नको, पळवून सरळ करायला जाऊ नको.

मग मे महिन्यात आईला घेऊन देवरुख. परशुराम घाट चिपळूणकडे उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक तापू न देता. सावर्ड्याच्या पुढे तशीच एक बस अंगावरून गेली. कॅराव्हॅन एकदा बसकडे झुकली आणि परत जागेवर आली, एवढंच. मी आरशात बघत होते, मला रडू आलं. आईला काही कळलंही नाही. मी आता ६० च्या वर जात नाही, आणि या सगळ्या कामामुळे वेग वाढवता येईल असं कुणी समजू नये.

तक्रारीही आहेत. तीन दिवस सांगितलेल्या कामाला आठ दिवस लागले, मधे फोन उचलला जात नव्हता. बिल एका ओळीत लिहिलं होतं. विम्याला दाखवायला मला सुट्या भागांचं वेगळं बिल हवं होतं, ते दोनदा जाऊन घ्यावं लागलं. पिशवीची एक नळी सायलेन्सरच्या जवळून गेली होती. मी दाखवल्यावर चाचांनी त्याच क्षणी पोराला खाली पाठवून ती बदलून घेतली, पण ते त्यांच्याच नजरेला पडायला हवं होतं. बसायला जागा नाही, पावसात गल्लीत पाणी साचतं.

तरीही पुढचं काम मी तिथेच देणार आहे. पाण्याची टाकी कायमची अॅक्सलवर आणायची आहे, त्याची मापं चाचांनी घेऊन ठेवलीत. जाणार असाल तर शुक्रवारी दुपारी जाऊ नका, तेव्हा बंद असतं. पहिल्या भेटीला कॅराव्हॅन न्यायची गरज नाही. सहलीला जाताना भरता तशी भरून तिचे आतून-बाहेरून फोटो काढा, हिचवरच्या पट्टीचाही एक फोटो घ्या, आणि घरातला वजनाचा काटा पिशवीत टाका. चाचांचा काटा आमच्या कॅराव्हॅनखाली तडकला, नवीन त्यांनी अजून घेतलेला नाही.