पत्रातला '10' मला दिसला होता

मुलीला परदेशात डॉक्टर करायला एजंटला किती पैसे दिले ते आकडे आधी लिहितो, कारण आजवर ज्यांनी विचारलं त्यांना मी कमीच सांगत आलो. नोंदणीचे 25,000 रोख. 'सीट ब्लॉक' करायचे 1,50,000. पहिल्या वर्षाची फी म्हणून 3,20,000. हॉस्टेल-मेस 80,000. व्हिसा, तिकीट, कागदपत्रं 95,000. एकूण 6,70,000 रुपये. माझा पीएफ आणि बायकोच्या चार बांगड्या.

मुलीला 2023 च्या नीटमध्ये 301 मार्क. पात्र होती, पण एवढ्यात सरकारी सीट लागत नाही आणि खासगीची फी आमच्या आवाक्याबाहेर. नागपुरात धंतोलीत दवाखान्यांच्या गर्दीत त्या एजंटचं ऑफिस होतं. भिंतीवर पांढरे कोट घातलेल्या पोरांचे फोटो, आणि हा सारखा 'दादा, आपलीच पोरगी समजा' म्हणून राहिला होता. किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक, सहा वर्षं, इंग्रजीतून एमबीबीएस, 'एनएमसी अप्रूव्हड'. एनएमसी, म्हणजे आपला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, परदेशी कॉलेजांची अशी यादी काढतच नाही, हे मला पैसे गेल्यावर कळलं. हे दोन शब्द कोणी उच्चारले की तिथूनच उठा.

आता जे झोपू देत नाही ते. ऑगस्टमध्ये प्रवेशपत्र आलं, सगळं रशियनमध्ये, खाली निळा शिक्का. अक्षर कळत नव्हतं, पण आकडे तर कळत होते ना! एका चौकटीत 10, आणि पुढे 01.09.2023 ते 30.06.2024. मी त्यावर बोट ठेवलं. 'सर, कोर्स सहा वर्षांचा, मग हे दहा महिने कशाचे?' तो म्हणाला, 'तिथे व्हिसा वर्षावर्षाचाच मिळते दादा.' पोरीने मोबाइल काढला, कॅमेऱ्याने भाषांतर करून पाहते म्हणाली. त्याने पत्र उचलून फाइलीत टाकलं, 'ओरिजिनल आहे बेटा, खराब होईल.' आणि मीच तिला म्हणालो, राहू दे, सरांना माहीत आहे.

29 वर्षं स्टोअर सांभाळलं मी, चलनाशिवाय एक बोल्ट गेटबाहेर जाऊ दिला नाही. पण तेव्हा नातेवाईक पेढे घेऊन येऊन गेले होते, पोरीची बॅग भरली होती. तिच्यासमोर कागदाची चिरफाड करायला जीभ रेटली नाही. कोणत्या बापाची रेटली असती?

ऑक्टोबरमध्ये तिचा फोन आला. वर्गात नुसती रशियन शिकवतात. प्रवेश एमबीबीएसला नव्हताच, दहा महिन्यांच्या भाषावर्गाला होता. तिथल्या हिशेबनिसाने वही दाखवली, तिच्या नावावर जमा फक्त 900 डॉलर. एनएमसीच्या 2021 च्या नियमांप्रमाणे कोर्स किमान 54 महिन्यांचा, इंग्रजीतून, वर त्याच संस्थेत 12 महिने इंटर्नशिप, आणि त्या डिग्रीवर त्या देशातही प्रॅक्टिसचा परवाना मिळायला हवा. एवढं करून आल्यावरही इथे एफएमजीई, म्हणजे परदेशातून डिग्री घेऊन आलेल्यांची परीक्षा, आहेच, 300 प्रश्नांपैकी 150 बरोबर पाहिजेत. भाषावर्ग यात कुठे बसतो? मी हे नियम पैसे भरण्याआधी एकदा वाचायला हवे होते, तुम्ही तरी वाचा. परतीचं तिकीट 31,400, तेही उधारीवर.

मग पोलीस ठाण्याच्या चकरा. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ऑफिस आमच्या हद्दीत नाही. ज्यांच्या हद्दीत होतं त्यांनी पावत्या पाहिल्या आणि म्हणाले, 'काका, हे तर दिवाणी आहे.' कारण पाचही पावत्यांवर 'मार्गदर्शन शुल्क' लिहिलेलं. फी हा शब्द कुठेच नाही. मार्गदर्शन तर मिळालं ना, असं एका हवालदाराने माझ्या पोरीच्या तोंडावर विचारलं! वरच्या कार्यालयात गेलो तर म्हणे एवढ्या लहान रकमा आम्ही घेत नाही. माझी सगळी नोकरी त्या रकमेत आहे आणि ती यांना लहान! अकरा चकरा झाल्या. हातात अर्जाची पोच, बाकी काही नाही. तेवढ्यात तो पाटी उतरवून निघून गेला, घरमालकालाही पत्ता माहीत नाही. रोख दिलेल्या 25,000 चा तर पुरावाच धरत नाहीत, म्हणतात पावतीवर सही वाचता येत नाही.

फी विद्यापीठाच्याच खात्यात भरा. एजंट 'माझ्या खात्यात टाका, डॉलर मी करून देतो' म्हणाला की समजून जा. आणि प्रवेशपत्राचं भाषांतर त्याच्याकडून नाही, बाहेरून करून घ्या, आधी.

आम्ही आतापर्यंत चार पालक भेटलो आहोत, एक काटोलचे, एक उमरेडचे, दोघे इथलेच. चौघांच्याही पावत्यांवर तोच शब्द, तेच अक्षर. एकत्र अर्ज दिला तर दिवाणी म्हणून परत पाठवणं जड जाईल, असं वकील म्हणतात. ज्यांच्याकडे अशी पावती असेल त्यांनी ती फाडू नका.