ओक ॲली की लॉरा? एकच बघायचं असेल तर

न्यू ऑर्लिन्सला येणाऱ्या पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न, प्लांटेशन हाऊस, म्हणजे गुलामांना राबवून चालवलेल्या मोठ्या मळ्याच्या मालकाचं जुनं घर, बघायचंय पण वेळ एकाच घरापुरता आहे, मग ओक ॲली की लॉरा? दोन्ही लुइझियानातल्या व्हॅशरीत, मिसिसिपीच्या काठाला, गाडीने काही मिनिटांच्या अंतरावर.

ओक ॲलीचा फोटो तुम्ही बघितलेलाच असणार. नदीच्या बाजूने घरापर्यंत ओकच्या २८ झाडांची दुतर्फा रांग आणि घराभोवती खांबही २८च. घर १८३७-३९ चं, झाडं त्याच्याही कितीतरी आधीची. खांब लांबून दगडी वाटतात पण आत वीट आहे, वरून गिलावा. १९२५ मध्ये स्टुअर्ट नवरा-बायकोने हे पडकं झालेलं घर घेऊन रिचर्ड कॉख या आर्किटेक्टकडून नीट करून घेतलं आणि स्वतः राहायलाही आले. फोटो हवेत, आवारात निवांत फिरायचंय, तर सरळ इथे जा.

पण घर बांधलं कसं हे बघायचं असेल तर मी लॉराच म्हणेन, अगदी ठामपणे. हे १८०५ चं क्रिओल घर, म्हणजे लुइझियानात रुजलेल्या फ्रेंच वंशाच्या कुटुंबांच्या पद्धतीचं, पिवळंधमक, विटांच्या खांबांवर उचललेलं, पुढे लांबच लांब पडवी, आत पॅसेज नाहीच, एका खोलीतून थेट दुसरीत. सायप्रसच्या लाकडाचा सांगाडा आणि मधल्या जागेत विटा भरलेल्या, आपले जुने वाडे बघितलेल्या माणसाला लगेच ओळखू येतं. लाकडं आधी कापून त्यांच्यावर रोमन आकडे कोरले आणि मग आकड्याला आकडा जुळवत घर उभं केलं, आणि हे काम गुलाम म्हणून राबवलेल्या कारागिरांचं. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत, छिन्नीच्या खुणा तेवढ्या आहेत, मी त्या बघत बराच वेळ उभा होतो.

२००४ मध्ये इथे आग लागली, घराचा बराच भाग गेला, तरी पाडून नवं न बांधता काही वर्षं खपून तेच परत उभं केलं.

अजून एक फरक माझ्यासाठी सगळ्यात मोठा आहे. ओक ॲलीतल्या गुलामांच्या खोल्या नंतर नव्याने बांधलेल्या आहेत, लॉरातल्या मूळच्या, १८४० च्या दशकातल्या, आणि त्यात विसाव्या शतकातही माणसं राहत होती.

दोन्ही जमत असेल तर सकाळी लॉरा करा, नंतर ओक ॲली, भर दुपारी त्या झाडांच्या सावलीत बसता येतं.