साखळी दुकानात सात महिने: माल परत घेतात झटकन, रिकामा खण दिसत नाही

एका दुकानापासून सुरू होऊन देशभर पसरलेली एक साखळी आहे. नाव घेत नाही. गेले सात महिने घरातलं बहुतेक सामान तिथूनच घेतोय, त्यावरून हे लिहितोय.

आधी कौतुक. इस्त्री घेतली, अकराव्या दिवशी ती तापेनाशी झाली. मी तेव्हा दुसऱ्याच शहरात होतो, तिथल्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने फोनमधलं बिल स्कॅन केलं, खोकं उघडून वायर पाहिली आणि पैसे परत केले. ना हुज्जत, ना ‘कंपनीकडे पाठवतो, आठवड्याने या’. एकट्या दुकानदाराला हे परवडणं अवघडच. त्यांच्या स्वतःच्या ब्रँडची झाडण्या-पुसण्याची वस्तूही टिकाऊ निघाली.

आता बल्ब. माझ्या टेबललॅम्पला बारीक पेचाचा लागतो. खण रिकामा. तिथल्या पोराने हातातल्या मशीनवर पाहिलं, म्हणाला, “सिस्टीममध्ये सहा दाखवतंय.” आम्ही दोघांनी शोधले, एकही नाही. चोरीला गेले, फुटले की चुकीच्या कोडवर बिल झाले, कोण जाणे. पण खरी गोम पुढे आहे: मशीनच्या हिशेबी सहा शिल्लक आहेत तोवर नवा माल मागवलाच जात नाही. चौथ्या खेपेला मी म्हटलं, “तुम्हीच मागवा ना.” त्यावर उत्तर: “आम्हाला ऑर्डर टाकता येत नाही सर, आपोआप येते.” समोर रिकामा खण दिसतोय आणि बघणाऱ्याच्या हातात काही नाही! गल्ल्यावरच्या मालकाने संध्याकाळीच घाऊकवाल्याला फोन लावला असता.

अर्थात तो मालक शंभर दुकानांत बसू शकत नाही, म्हणूनच त्याच्या डोक्यातलं एकेक काम बाहेर काढावं लागतं. अमेरिकेत क्लॅरेन्स सॉन्डर्सने 1916 मध्ये मेम्फिस शहरातल्या आपल्या पिगली विगली या किराणा दुकानात वस्तू काढून देण्याचं काम गिऱ्हाइकावरच सोपवलं. सॅम वॉल्टनने 1962 मध्ये आर्कान्सातल्या रॉजर्स गावी पहिलं वॉलमार्ट उघडलं; पुढे गोदामापासून ट्रकच्या एका दिवसाच्या टप्प्यात दुकानं वाढवत नेली. 1974 मध्ये ओहायोतल्या एका सुपरमार्केटात पहिल्यांदा बारकोड वाचला गेला, आणि काय विकलं गेलं हे यंत्राला कळू लागलं. काय हरवलं ते मात्र त्याला अजूनही कोणीतरी सांगावं लागतं.

सदस्य कार्ड घेतलंत तर गुणांची मुदत बघा, माझे निम्मे वाया गेले. बिलाच्या स्वयंचलित मशीनपाशी गर्दी कमी असते, पण पिशवी जरा हलली की ते अडून बसतं आणि मदतीला माणूस यावाच लागतो.

बल्बचा खण स्टॉकमोजणी झाल्यावर एकदाचा भरला. तोवर मी दिवाच बदलला होता.