फणसाच्या फळीचा झोपाळा आणि तो घडवणारे दादा

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या परसातला जुना फणस मुळासकट आडवा झाला. सासऱ्यांनी त्याच्या फळ्या काढून गोठ्याच्या माळ्यावर रचून ठेवल्या होत्या. ओटीवरच्या झोपाळ्याला वाळवी लागली तेव्हा त्या खाली काढल्या. नेहमीचा सुतार मुंबईला गेलेला. शेजारच्या वाडीतल्या एका दादांचं नाव कोणीतरी सांगितलं, पण आवाज खाली करून.

टेम्पोतून फळ्या उतरवण्याआधीच दादा म्हणाले, "वैनी, आधी सांगून ठेवतो. मी खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगून आलोय. चालत नसेल तर टेम्पो असाच फिरवा."

मला काही सुचेना. सासरे मात्र म्हणाले, "मधल्या फळीला चीर गेलीय, ती बघ आधी."

दादांनी चीर बोटाने चाचपली आणि ती फळी बाजूला काढली. उरलेल्यांतून पाच फूट बाय दोन फुटांचा झोपाळा झाला. सांधे लाकडात लाकूड बसवून केलेत, एकही खिळा नाही. कडा इतक्या गोल की लहान मुलाच्या पोटरीलाही लागणार नाहीत. फणसाचा पिवळा रंग आता हळूहळू तांबूस होतोय. मुलीचं कानातलं पडलं म्हणून मी खाली वाकले, तर खालची बाजूही वरच्यासारखीच रंधा मारून गुळगुळीत केलेली. दादांना विचारलं तर म्हणाले, "येरवड्याला कारखान्यात मास्तर टेबल उलटं करून बघायचे. खाली खरबरीत असलं तर परत." तिथे ते सरकारी ऑफिसांची टेबलं-खुर्च्या करायचे.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असं आपण सर्रास बोलतो. प्रत्यक्षात ती शिक्षा आयुष्यभराची असते. खुनाच्या जन्मठेपेत निदान चौदा वर्षं आत काढल्यावरच सरकार सूट देऊन सोडू शकतं, आणि तेव्हाही सुटका हक्काची नसते. दादा सतरा वर्षांनी सुटले. रंधा, पटाश्या, करवती तिथल्या मजुरीच्या साठलेल्या पैशांतून घेतल्या. सक्तमजुरीच्या कैद्यालाही रास्त वेतन द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं होतं. त्यातला काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढावा, हेही त्याच निकालात आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांचं दुःख झोपाळा कितीही सुबक झाला तरी कमी होत नाही. दादांकडे याबद्दल मी काहीच विचारलं नाही. ते त्यांनी सांगायचं तर सांगतील.

आता तक्रारी. काम अठरा दिवस उशिरा मिळालं. आणि मजुरीच्या साडेनऊ हजारांतले निम्मे आगाऊ मागितले, ते मला खटकलं. लाकूड आमचंच असताना आगाऊ कशाला? नंतर कळलं की सॉ मिलवाला इतरांना महिनाभराची उधारी देतो, यांना नाही. पॉलिश, स्क्रू, फळ्या कापण्याची मजुरी, सगळं रोख. हातात रोख नसली की काम थांबतं, आणि उशीर त्यामुळेच. म्हणून त्यांच्याकडे जाणाऱ्यांनो, आगाऊ रकमेवरून घासाघीस करू नका. दुसरं काही मदत म्हणून करायची गरज नाही.

एक कडी पहिल्या आठवड्यात करकरायला लागली. फोन केला, त्याच संध्याकाळी येऊन वॉशर बदलून गेले, पैसे घेतले नाहीत. सासऱ्यांनी त्यांना झोपाळ्यावरच बसवून चहा दिला. ते अगदी काठावर टेकले होते. "नीट बस रे, तूच केलायस," असं दोनदा म्हणावं लागलं.

चिरलेली ती फळी अजून गोठ्यात आहे. तिचे पाट होतील म्हणाले. गणपतीच्या आधी हवेत म्हणून आगाऊ पैसे कालच देऊन आले.