स्टिल लव्हिंग यू, विंड ऑफ चेंज की हॉलिडे? स्कॉर्पियन्सचं पहिलं बॅलड कुठलं ऐकायचं

स्कॉर्पियन्स या जर्मन रॉक बँडच्या चाहत्यांमध्ये दोन तट आहेत आणि काही केल्या त्यांचं जमत नाही. एका तटाचं म्हणणं, बँड उभा राहिला तो हार्ड रॉकवर, बॅलड्सच्या, म्हणजे संथ हळव्या गाण्यांच्या, नादात तो मऊ झाला. दुसऱ्याचं म्हणणं, गिटारचे जोरदार रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे सुरांचे तुकडे, वाजवणारे बँड पुष्कळ होते, पण हळवं गाणं इतक्या ताकदीने म्हणणारा गायक क्लाउस माइने एकच. मी दुसऱ्या तटातला. पण पहिल्या तटाला मी उडवून लावत नाही, कारण त्यांचा एक मुद्दा अगदी खरा आहे, ही बॅलड्स एकटी काढून ऐकली तर निम्मीच कळतात. शेजारी दणदणाट असतो म्हणून ती एवढी लागतात.

कुणी नव्याने ऐकायला लागलं की प्रश्न हाच येतो, सुरुवात कुठून करू? उत्तरं बहुतेक तीनच मिळतात, वर लिहिलीत तीच. म्हणून तिन्ही शेजारी ठेवून बघू.

आधी विंड ऑफ चेंज, कारण ते ऐकलेलं नाही असा माणूस सापडणं कठीण. 1990 च्या क्रेझी वर्ल्ड अल्बममधलं, अमेरिकेत बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या नंबरपर्यंत गेलं, ब्रिटनमध्ये दुसऱ्या, आणि जर्मनीत म्हणजे त्यांच्या घरी पहिल्या. हे बर्लिनची भिंत पडल्यावर लिहिलं असं खूप जण छातीठोक सांगतात, ते चूक आहे. ऑगस्ट 1989 मध्ये मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर मोठा रॉक महोत्सव झाला, तिथे स्कॉर्पियन्स वाजवायला गेले होते, तिथून परत आल्यावर माइनेने गाणं लिहिलं आणि भिंत पडली नोव्हेंबरमध्ये. म्हणून तर सुरुवातीलाच मॉस्क्वा नदी आणि गॉर्की पार्क येतं, पुढे बाललाइका हे रशियन तंतुवाद्य येतं, बर्लिनचं नावही नाही. मला या गाण्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, की काय होणार हे माहीत नसताना ते लिहिलंय. नंतर ऐकणाऱ्यांनी त्यात भिंत पाहिली तो भाग वेगळा.

आता ऐकायला कसं आहे. पहिली शीळ. स्वतः माइनेची, खाली एक स्वच्छ गिटार, बस. हेडफोन लावून ऐका, शीळ अजिबात घोटून गुळगुळीत केलेली नाही, माणूस रस्त्याने चालताना घालतो तशी आहे, थोडी श्वासाची. ती एकदा डोक्यात बसली की बसली. पण गिटारचं म्हणाल तर या गाण्यात गिटार बहुतेक वेळ मागे उभी असते, सोलो येतो, छान आहे, पण गाणं वाहतो तो आवाज आणि ती चाल. चार माणसं जमली आणि सगळ्यांना मिळून म्हणायचं असेल तर याच्यासारखं गाणं नाही, वरच्या पट्टीत फार जावं लागत नाही आणि कॉर्ड्सही साध्या, सी, डी मायनर, ए मायनर, जी यांच्यावर कडवं निघून जातं. पण बँड ऐकायचा असेल, ही पाच माणसं एकत्र वाजवतात तेव्हा काय होतं ते ऐकायचं असेल, तर हे गाणं ते सांगत नाही.

आणखी एक, 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर माइनेने कार्यक्रमांत सुरुवातीच्या ओळी बदलल्या, मॉस्क्वा आणि गॉर्की पार्क काढून युक्रेन आणलं. काही जुन्या चाहत्यांना ते रुचलं नाही, गाणं त्याच्या काळाचा दस्तऐवज आहे, हात लावू नये असं ते म्हणतात. मला मात्र माइनेचा बदल पटला. ज्याने आशेने ते शब्द लिहिले त्याच्याच तोंडी ते खोटे वाटायला लागले तर त्याने काय करायचं? पण नव्याने ऐकणाऱ्याने आधी 1990 चं रेकॉर्डिंगच ऐकावं, नाहीतर काय बदललं आणि का, ते लागणार नाही.

स्टिल लव्हिंग यू ची गोष्ट वेगळी. 1984, लव्ह ॲट फर्स्ट स्टिंग हा अल्बम, निर्माता डिटर डिअर्क्स, संगीत बँडचा गिटारवादक रुडॉल्फ शेंकरचं आणि शब्द माइनेचे. रॉक यू लाइक अ हरिकेन ज्या अल्बमवर आहे त्याच अल्बमवर हे आहे, नुसतं हे लक्षात ठेवलं तरी वर म्हटलेलं भांडण निम्मं मिटतं, कारण तीच माणसं, तोच निर्माता. साडेसहा मिनिटांच्या आसपासचं गाणं आहे आणि ते घाई करत नाही. गिटारच्या तारा एकेक करून सुटतात, प्रत्येक सूर पुढचा येईपर्यंत वाजत राहतो, मग माइने अगदी खालच्या आवाजात सुरू करतो, आणि तुम्हाला वाटतं असंच जाणार. तसं जात नाही. ध्रुवपदाला गिटार अंगावर येते आणि आवाज तिच्यावर चढतो, दबत नाही. पुढच्या कडव्यात पुन्हा सगळं खाली येतं, म्हणजे हरलेला माणूस पुन्हा समजूत घालायला बसतो तसं, आणि मग शेवटी तेच तीन शब्द पुन्हा पुन्हा, दर वेळी आधीपेक्षा जास्त जोर लावून. अंगावर काटा येतो, चाळीस वर्षं जुनं रेकॉर्डिंग आहे तरी येतो.

विरोधातला मुद्दाही सांगतो. फार नाट्यमय आहे असं काही लोक म्हणतात, आणि तुम्हाला प्रेमभंगाची गाणी मोठ्या आवाजात सोसत नसतील तर ते जड जाईल हे खरंच. गायला तर खूपच कठीण, शेवटी जो आवाज लागतो तो सरावाशिवाय काढायला जाऊ नका, घसा धरतो.

हॉलिडे हे चाहत्यांचं लाडकं, बाहेर कमी माहीत असलेलं. 1979, लव्हड्राइव्ह. अर्ध्यापर्यंत ॲकूस्टिक गिटार, बोटांनी छेडलेली, आणि कुठेतरी दूर निघून जाऊ असं सांगणारा आवाज, आणि मग गिटारवर डिस्टॉर्शन, म्हणजे तो फाटका खरखरीत आवाज, चढतं आणि तेच गाणं जड पावलांनी चालायला लागतं. माझ्या मते या बँडचे दोन्ही चेहरे एका गाण्यात बघायचे तर यापेक्षा चांगलं काही नाही. गिटार शिकत असाल तर सुरुवातीचा भाग बसवायला घ्या, बोटांना वळण लागतं. फक्त एक सांभाळा, अल्बमवरचं पूर्ण गाणंच ऐका, लाइव्हमध्ये बऱ्याचदा नुसता हळू भाग घेतात, आणि ॲकूस्टिका या 2001 च्या लिस्बनमधल्या रेकॉर्डिंगमध्ये तो जड भाग साहजिकच नाही. तो नसेल तर हॉलिडे नुसतं गोड गाणं उरतं.

मग पहिलं कुठलं? माझं उत्तर स्टिल लव्हिंग यू, आणि त्यात मला शंका नाही. विंड ऑफ चेंज तुमच्या कानावर कुठूनतरी पडणारच आहे, पडलेलंच असेल. हॉलिडे दुसरं. बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरचा 2000 चा अल्बम, त्यातही स्टिल लव्हिंग यू आहे आणि कुणीतरी तो नक्की सुचवेल, तो नंतर घ्या, तिथे गिटारचं काम व्हायोलिनं करतात आणि सगळं भरजरी होतं, आवाज आणि गिटारचं मूळचं भांडण ऐकू येत नाही.

पण कसं ऐकायचं ते जास्त महत्त्वाचं. एक गोष्ट बघा. टेकन बाय फोर्स (1977), लव्हड्राइव्ह, ब्लॅकआउट (1982), लव्ह ॲट फर्स्ट स्टिंग, सॅव्हेज अम्यूझमेंट (1988), क्रेझी वर्ल्ड, या सगळ्या अल्बमचं शेवटचं गाणं बॅलड आहे. क्रेझी वर्ल्डवर विंड ऑफ चेंज चौथं आहे, शेवटचं सेंड मी ॲन एंजल. म्हणजे आधी तुम्हाला अर्धा पाऊण तास झोडपायचं आणि मग दिवे मंद करायचे, ही यांची पद्धत. प्लेलिस्टमध्ये पाच बॅलड्स ओळीने लावली की ती एकमेकांना मारतात, तिसऱ्यापर्यंत कान बधिर होतो, आणि मग लोक म्हणतात सगळी सारखीच आहेत. म्हणून स्टिल लव्हिंग यू ऐकायच्या आधी निदान क्रॉसफायर तरी लावा, अल्बमवर त्याच्या आधीचं तेच आहे, लष्करी चालीचे ड्रम्स आहेत त्यात, ते थांबून ती पहिली तार सुटते तेव्हा फरक कळेल.

आणि तीन ऐकून झाल्यावर चौथं हवं असेल तर ब्लॅकआउटचं शेवटचं, व्हेन द स्मोक इज गोइंग डाउन. या अल्बमआधी माइनेचा आवाज गेला होता, स्वरयंत्रावर शस्त्रक्रिया करावी लागली, परत गाता येईल की नाही हेच नक्की नव्हतं. चार मिनिटांचंही नाही ते गाणं. कार्यक्रम संपलाय, लोक घरी गेलेत आणि गायक एकटा परत रिकाम्या स्टेजवर जाऊन उभा राहतो, एवढंच आहे त्यात. त्याच्या आधी चायना व्हाइट आहे, सात मिनिटांच्या आसपासचं, संथ आणि प्रचंड जड. तिथून लावा, आवाज थोडा वाढवून, आणि ते संपलं की पुढचं आपोआप लागेल, तेव्हा आवाज कमी करू नका.