आयदान वाचलं एकदाचं
गणपतीला रत्नागिरीला आलेलो तेव्हा वाचलं, उर्मिला पवारांचं हे आत्मकथन २००३ चं पण मला आत्ता मिळालं. आयदान म्हणजे बांबूची सुपं-टोपल्या वगैरे, वडील गेल्यावर आई तेच विणून घर चालवायची आणि लेखिका स्वतःच्या लिहिण्याची वीण त्याच्याशी जोडते, त्यामुळे प्रतीक मुद्दाम चिकटवलंय असं कुठेच वाटत नाही. आमच्या पडवीत एक रोवळी लटकलीय, कडेची कामटी सुटलेली, बोटाला टोचते. कोणी विणली, कधी विचारलंच नाही घरात. गरिबीबरोबर जातीचा चटका पण आहे, काही पानं वाचून थांबावं लागलं. माणसं फार येतात, नाती लक्षात ठेवताना गोंधळ होतो जरा. पार्सल मात्र कोपरा दुमडून आलं, पॅकिंगच्या नावाने बोंब. पुस्तकाला साडेचार स्टार.