ग्नू टार: सर्व्हरच्या बॅकअपला पुरतं का?

टार म्हणजे अनेक फाइली एकाच फाइलमध्ये बांधणारा प्रोग्राम, मुळात चुंबकीय टेपसाठीच. १९७९च्या सातव्या युनिक्समधलं. आज त्याची ग्नू (मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची) आवृत्ती लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरवर आधीच बसवलेली असते आणि सर्व्हर कोसळून रेस्क्यू डिस्कवरून (दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या डिस्कवरून) सुरू करावा लागला तरी हाताशी असते. फुकट असण्यापेक्षा हा गुण मोठा.

शिकायला सी, एक्स, टी, एफ एवढी अक्षरं पुरे: बांधणे, सोडवणे, यादी बघणे, फाइलचं नाव देणे. फक्त एफ शेवटी ठेवा. ‘-सीएफझेड’ लिहिलंत तर ‘झेड’ नावाचीच फाइल बनते आणि तुम्ही दिलेलं बॅकअपचं नाव सापडत नाही म्हणून टार कुरकुरतं. ‘झेड’ अक्षराने फाइल दाबून लहान करणारं जीझिप एकाच कोअरवर चालतं, मोठ्या डेटाला रडवतं. १.३१ आवृत्तीपासून (२०१९) फाइल दाबण्याची दुसरी पद्धत, झेडस्टँडर्ड, थेट मिळते, तीच घ्या.

खरी गोम रिस्टोरमध्ये आहे. सोडवताना टार मालक आधी नावावरून जुळवतं. रेस्क्यू डिस्कवर त्याच नावाचा यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) वेगळा असला की डेटाबेसच्या फाइली भलत्याच्याच मालकीच्या होतात. म्हणून नावाऐवजी क्रमांक धरणारा ‘--न्यूमेरिक-ओनर’ द्या. एसीएल (फाइलच्या जादा परवानग्यांची यादी) आणि एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट (फाइलला जोडलेली जादा माहिती) सांगितल्याशिवाय साठवलेच जात नाहीत. साठवले तरी सोडवताना ‘--एक्सॲटर्स-इन्क्लूड’ला तारांकन (*) दिलं नाही तर फाइल कॅपॅबिलिटी (प्रोग्रामला दिलेले खास अधिकार) परत येत नाहीत.

रोजच्या बदलांसाठी ‘--लिस्टेड-इन्क्रिमेंटल’ आहे. आधी काय साठवलं याची नोंद ठेवणारी स्नॅपशॉट फाइल दर वेळी बदलते, तेव्हा पूर्ण बॅकअपनंतरची प्रत वेगळी जपा. रिस्टोर करताना त्याच पर्यायाला स्नॅपशॉटऐवजी /डेव्ह/नल (लिनक्समधली कायम रिकामी फाइल) द्यायचं. आधी पूर्ण, मग क्रमाने पुढचे. सावधान: या पद्धतीत सोडवताना, त्या बॅकअपच्या वेळी फोल्डरमध्ये नसलेल्या फाइली टार उडवतं! चालत्या सर्व्हरवर थेट सोडवायचा मोह टाळा.

‘वाचताना फाइल बदलली’ हा इशारा आला की एक्झिट कोड (काम संपल्यावर प्रोग्राम देतो तो आकडा) १ येतो, गंभीर चुकीला २. क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टमध्ये दोन्ही एकाच मापाने मोजू नका. लॉग फाइलबाबत १ चालून जातं. चालू मायएसक्यूएल डेटाबेसच्या डेटा फोल्डरबाबत मात्र तो बॅकअप धरूच नका. आधी मायएसक्यूएलडंप या साधनाने ‘--सिंगल-ट्रान्झॅक्शन’सह डेटाबेसची प्रत फाइलमध्ये काढा (इनोडीबी या प्रकारच्या टेबलांसाठी), मग ती फाइल बांधा.

एका सर्व्हरचं एटसी (सेटिंग्जचं फोल्डर) आणि वेबसाइटचं फोल्डर एवढंच असेल तर टार बिनधास्त वापरा. तीस दिवसांच्या आवृत्त्या आणि एन्क्रिप्शन हवं असेल तर बोर्ग हा बॅकअपचाच प्रोग्राम बरा. तिथे तेच तुकडे पुन्हा साठवले जात नाहीत.